वस्तीवरचं कुत्रं साखळीवरून उतरवायचं कसं? (राखणही राहिली पाहिजे)

येरळाकाठ

तासगाव, पलूस, विटा, तिकडं वडूज-कोरेगावपर्यंत कुठल्याही वस्तीवर जा. गोठ्याच्या खांबाला चार-पाच फुटांची साखळी आणि तिच्या टोकाला कारवान नाहीतर गावठी कुत्रं. दिवसा बांधलेलं, रात्रीही बांधलेलंच. साखळी जिथवर पोचते तिथवर माती घासून टणक झालेली. त्याच गोलात खाणं, त्याच गोलात हगणं-मुतणं. वर्ष-दीड वर्षात ते दूधवाल्यावर धावून जायला लागतं, रात्रभर भुंकतं, घरातल्या पोरांनाही जवळ येऊ देत नाही, आणि घरचे कौतुकानं सांगतात, "आमचं कुत्रं लई तिखट हाय." त्यातला बराचसा तिखटपणा साखळीचा असतो.

साखळी वाईट हे सगळ्यांना पाठ आहे. तरी ती सुटत नाही, कारण सोडल्यावर पुढं काय करायचं हे कुणी सांगत नाही. रस्ता वीस पावलांवर, शेजारी कोंबड्या, कंपाउंड नाही. म्हणून इथं फक्त कामाचं बोलू: वरून तार ताणून फिरती दोरी कशी करायची (मापांसकट), पहिल्यांदा सोडायचं कसं, रात्रीच्या भुंकण्याचं काय, आणि राखण टिकते का. "आमच्या टायगरच्या आठवणी" यासाठी वेगळा धागा काढा.

पशुवैद्य_कोरेगाव

तार-बीर नंतर. आधी अंग तपासा. महिना-दोन महिन्यांत अचानक चिडकं झालेलं कुत्रं बऱ्याचदा दुखणाईत असतं, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही शिकवा, हात लागला की ते चावणार.

पहिली मान. पट्ट्याखालून दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. पिल्लाला बांधलेला पट्टा वाढत्या मानेत रुततो, वर केस असल्यामुळं दिसत नाही, वास यायला लागल्यावर कळतं. तो घरी उपटू नका, भूल देऊन काढावा लागतो. मग कान: डोकं झटकणं, कानाच्या मुळाशी हात नेला की अंग चोरणं. मग दात. साखळी चावून चावून सुळे झिजतात किंवा मोडतात, आत पू होतो. त्यानंतर सांधे: उठताना मागचे पाय ताठ, पायरी टाळणं.

आणि गोचीड. गोचीड ताप या पट्ट्यात नेहमीचा. मलूलपणा, अन्न टाकणं, ताप (गुदद्वारात थर्मामीटरनं नॉर्मल १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट), कधी नाकातून रक्त, कधी नुसतं सांधे धरणं. एर्लिकियावर (गोचीड तापाचा जंतू) डॉक्सिसायक्लीनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. चार दिवसांत कुत्रं हुशार दिसतं म्हणून गोळ्या बंद करतात, आणि आजार उलटतो. गोठ्यात म्हशींवर मारायचं औषध उरलंय म्हणून कुत्र्यावर ओतायचं हे तर अजिबात नको, प्रमाण चुकलं की विषबाधा. त्यात पर्मेथ्रिन असेल तर ते मांजराला जीवघेणं आहे. औषध मारलेलं कुत्रं ओलं असताना मांजर त्याला घासलं तरी धोका.

लसीकरण: पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की सुरुवात, ३-४ आठवड्यांच्या अंतरानं १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर, आणि पुढं दरवर्षी.

गुंठामंत्री

सगळं बरोबर, पण व्यवहाराचं बोला की राव. साखळी सोडली की कुत्रं गाव हिंडणार, शेजाऱ्याच्या कोंबड्या मारणार, भरपाई कुणी द्यायची? आणि माणसांत मिसळलेलं कुत्रं राखण करत नाही हे बापजाद्यांपासून सांगत आलेत.

मिरजेची_माई

गुंठामंत्री दादा, पहिल्या दोन शंका रास्त आहेत. म्हणूनच "साखळी सोडा" याचा अर्थ "कुत्रं सोडून द्या" असा कुणी घेऊ नये. तिसरी मात्र तपासून बघू.

राखणीचं काम दोन प्रकारचं: वर्दी देणं आणि अडवणं. वर्दी देणं कुत्र्याच्या नाका-कानात असतं, त्याला साखळी लागत नाही. अडवण्याचं म्हणाल तर पाच फुटांवर बांधलेलं कुत्रं कुणालाच अडवू शकत नाही. चोर सहा फुटांवरून जातो.

साखळीवर कुत्रं अंगावर का येतं, त्यामागचा भाग असा. अनोळखी माणूस दिसला की कुत्र्यापुढं तीन वाटा असतात: लांब जायचं, थांबून अंदाज घ्यायचा, किंवा अंगावर जायचं. साखळीनं पहिली वाट बंद होते. माणूस जवळ येतच राहतो, म्हणून दुसरीही संपते. उरते तिसरी. त्यात दूधवाला दूध घालून आपोआप निघून जातो, आणि कुत्र्याच्या हिशेबात "भुंकलो म्हणून गेला" असं पक्कं होतं. रोज दोनदा हा धडा गिरवला जातो. शिवाय धाव घेतली की मानेला हिसका बसतो, म्हणजे माणूस दिसला की गळा दुखतो अशीही सांगड बसते. अमेरिकेत डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना केली होती, १९९४ साली ती प्रसिद्ध झाली. अंगणात साखळीवर असणं हे चावणाऱ्यांत ठळकपणे जास्त आढळलं, साधारण पावणेतीन पट. यात सगळ्यात जास्त धोका कुणाला? साखळीच्या गोलात चेंडू आणायला जाणाऱ्या घरच्याच पोराला.

आणि गुरगुरण्याला मारू नका. कुत्रं आधी मान वळवतं, ओठ चाटतं, उगाच जांभई देतं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघतं, मग अंग ताठ करून गोठतं, मग गुरगुरतं, मग हवेत दात वाजवतं, आणि शेवटी चावतं. गुरगुरल्यावर काठी बसली की ते गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. "न सांगता चावलं" म्हणतात ती बहुतेक कुत्री अशीच तयार होतात.

कुणाला चावलंच तर हळद-चुना-मिरची न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या रेबीजच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावं लागतं, ते विचारून घ्या. चावलेलं कुत्रं मारू किंवा हाकलू नका, १० दिवस नजरेखाली ठेवा. पण कुत्रं ठीक आहे म्हणून लस सुरू करायला थांबू नका.

फौजी_खटाव

आता तारेचं. मापं नीट वाचा, कारण तार चुकीची बांधली तर ती साखळीपेक्षा वाईट. कुत्रं फास लागून मरतं.

लागणारं सामान: ४ मिमीची जी.आय. वायर रोप (प्लॅस्टिकचं आवरण असलेली मिळाली तर उत्तम, आवाज कमी), दोन खांब, एक टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा स्क्रू), यू-बोल्टचे वायर क्लॅम्प ८, लोखंडी कप्पी १, दोन्ही टोकांना भिंगरीकडी (पीळ न पडता गोल फिरणारी कडी) असलेली ९ फुटांची दोरी, आणि छातीचा पट्टा. द्राक्षबागेतली एकेरी तार वापरू नका, ती मुरडते आणि मुरडल्या जागी तुटते.

खांब ५० फूट अंतरावर, जमिनीत अडीच फूट काँक्रीटमध्ये. तार बांधताना साडेसात फुटांवर, म्हणजे झोळ पडून मध्ये सात फूट राहील. यापेक्षा खाली आली तर माणसाच्या गळ्यात येते, वर गेली तर दोरी वाढवावी लागते.

दोरी ९ फुटांचीच का? उभ्या कुत्र्याच्या पाठीवरची कडी जमिनीपासून साधारण २ फुटांवर असते. तार ७ फुटांवर. म्हणजे उभं अंतर ५ फूट. ९ फुटांच्या दोरीनं कुत्रं तारेच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेसात फूट जातं, म्हणजे १५ फूट रुंदीचा पट्टा मिळतो. ते बरोबर तारेखाली उभं असताना उरलेल्या ४ फुटांचा झोळ जेमतेम जमिनीला टेकतो. दोरी १२ फूट केली की हा झोळ पायात अडकायला लागतो. ७ फूट केली तर आडवं पडता येतं, पण फिरायला जागाच राहत नाही.

दोन्ही टोकांना खांबापासून ८ फुटांवर तारेवर एकेक क्लॅम्प आवळून थांबा करायचा. कप्पी त्याच्या पुढं जात नाही, कुत्र्याची पोच साडेसात फूट, म्हणून ते खांबाला गुंडाळत नाही. ५० मधून १६ गेले, ३४ फुटांची धाव उरली. कुत्र्याचं घर एका खांबाला पाठ लावून, दार तारेकडे. त्याची मागची भिंत ८ फुटांवर येते, तिला वळसा घालता येत नाही.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तारेपासून १० फुटांत भिंत, दगडाची ताल, पायरी, झाड, बैलगाडीचं जू, विहिरीचा कठडा, काहीही नको. कुत्रं ज्यावर चढू शकतं त्याच्या पलीकडे ते उडी मारणार आणि दोरी अपुरी पडली की लटकणार. याच कारणानं दोरी गळपट्ट्याला न लावता छातीच्या पट्ट्याच्या पाठीवरच्या कडीला लावायची. ३४ फूट धावून टोकाला थांबताना बसणारा हिसका मानेवर आला तर मणका जाईल.

सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ही तार नको. एका तारेवर दोन कुत्री कधीच नकोत. आणि ही तार म्हणजे मुक्काम नव्हे, जाळीचं कुंपण होईपर्यंतची सोय आहे.

करंजवन

कुंपण किती लागेल?

फौजी_खटाव

२० बाय ३० फूट. १०० फूट जाळी, ६ फूट उंच, साधारण दर ८-१० फुटांवर पाइप. क्षेत्र ६०० चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याच्या जरा वर. जाळीचा खालचा एक फूट आतल्या बाजूला जमिनीवर आडवा वळवून वर माती-दगड टाकायचे. उकरणारं कुत्रं कुंपणाला चिकटून उकरतं, एक फूट मागं सरून उकरायचं त्याला सुचत नाही. दार आत उघडणारं हवं, म्हणजे कुत्र्यानं धक्का मारला तरी बंदच होतं.

जत_कारवान

कारवानाचं थोडं वेगळं असतं, कारण इथं निम्म्या वस्त्यांवर तेच आहे. (कारवान की मुधोळ हा वाद कृपया इथं नको. जत-आटपाडीत एक म्हणतात, कृष्णेपलीकडं दुसरं.)

याचं डोकं मानेएवढंच रुंद. साधा गळपट्टा मागं ओढला की कानावरून निसटतो, म्हणून लोक तो करकचून बांधतात आणि मान सोलते. दोन इंची रुंद पट्टा, ताण आला की थोडाच आवळणारा आणि पुढं न आवळणारा, त्याला मार्टिंगेल म्हणतात, तो घ्या. चालवताना तो, तारेवर छातीचा पट्टा. कातडी पातळ, अंगावर चरबी जवळपास नाही, म्हणून काँक्रीटवर झोपून कोपराला घट्टे पडतात आणि फुटतात. सुतळीची छोटी बाज, साडेतीन बाय अडीच फूट, जमिनीपासून ८ इंच उंच, हा सगळ्यात स्वस्त उपाय. नसबंदी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा की शिकारी जातीचं, सडपातळ कुत्रं आहे. थायोपेंटलसारख्या भुलेतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात, डॉक्टर दुसरं औषध निवडतात.

मुख्य गोष्ट: हे कुत्रं वासापेक्षा नजरेनं पेटतं. काहीतरी पळालं की ते पळणार, त्या क्षणी कान बंद. त्याला दिवसभर बांधून रविवारी सशावर सोडायचं ही जुनी खोड. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि आठवड्यातून एकदा पळून बाकी सहा दिवसांचं भागतही नाही.

त्याऐवजी सहा फुटांचा बांबू, टोकाला सहा फूट दोरी, दोरीला जुन्या साडीची चिंधी. मोकळ्या बंदिस्त जागेत चिंधी जमिनीलगत गोल फिरवायची, कुत्रं पाठलाग करतं, सात-आठ फेऱ्यांनंतर पकडू द्यायची. पकडल्यावर नाकाशी खाऊ धरून "सोड". एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढ्यानं कारवान दमतो. चिंधी हवेत उडवू नका. उडी मारून वळताना गुडघ्याचा स्नायुबंध तुटतो. डांबरावर नको, पोट भरल्यावर नको, वर्षाच्या आतल्या पिल्लाला नको.

मिरजेची_माई

पहिल्यांदा सोडण्याचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन वर्षं बांधलेल्या कुत्र्याची कडी काढून "जा" म्हणणं. ते हायवेपर्यंत थांबत नाही.

पहिला आठवडा साखळीवरच, काही न सोडता. नाव घ्यायचं, लगेच खाऊ. रोज तीनदा, दर वेळी दहा हाका. खाऊ म्हणजे हरभऱ्याएवढा तुकडा: उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन. मालकानं कुत्र्याच्या पोचेबाहेर उभं राहून सुरुवात करायची. ते अंगावर उड्या मारत असेल तर चारही पाय जमिनीवर टेकले त्या क्षणी तुकडा खाली टाकायचा. हातातून देऊ नका, दोन वर्षांच्या भुकेला बोट आणि अंडं यातला फरक कळत नाही. याच आठवड्यात छातीच्या पट्ट्याची सवय: पट्ट्याच्या फटीतून खाऊ द्यायचा, डोकं आपणहून आत आलं पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात ३० फुटांची लांब दोरी, पाठीवरच्या कडीला, पहाटे रान मोकळं असताना. दोरी हाताला गुंडाळायची नाही (बोटं जातात), जमिनीवर सोडून टोकाशी पाय ठेवायचा. चालवायचं म्हणजे ओढत न्यायचं नव्हे. ते जिथं हुंगेल तिथं उभं राहायचं. वीस मिनिटांच्या फेरीत अर्धा किलोमीटरच झाला तरी चालेल. हुंगणं हाच त्याचा व्यायाम, पाय मोजू नका. पहिले तीन-चार दिवस काही कुत्री साखळीच्या गोलाबाहेर पाऊलच टाकत नाहीत. गोलाच्या कडेवर खाऊ ठेवत जा, दर दिवशी हातभर पुढं. ओढलंत तर आठवडा वाया गेला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तार किंवा कुंपण. सुरुवातीला तासभर, घरात माणूस असताना.

दूधवाल्याचा प्रश्न याच काळात सोडवायचा. कुत्रं कुंपणात, माणूस ४० फुटांवर. कुत्र्याला माणूस दिसला की मालकानं खाऊ द्यायचा, माणूस दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा: आधी माणूस, मग खाऊ. उलटं केलं तर खाऊची पिशवी दिसली की कुत्रं सावध होतं. दोन-तीन दिवस शांत राहिलं तर अंतर तीन-चार फुटांनी कमी. तोंड मिटलं, कान पुढं, शेपूट वर ताठ, खाऊ दिसूनही घेत नाही, म्हणजे आपण फार जवळ आलो. दहा फूट मागं. इथं घाई करणारे सगळे पुन्हा पहिल्या दिवसावर येतात.

गुंठामंत्री

आणि कोंबड्या?

मिरजेची_माई

कारवान आणि मोकळ्या कोंबड्या एकत्र हा विषयच सोडा. कोंबड्यांना जाळी नाहीतर कुत्र्याला. गावठी पिल्लू तीन महिन्यांच्या आत आणून कोंबड्यांसमोर लांब दोरीवर वाढवलं तर बहुतेक जमतं. मोठ्या, एकदा कोंबडी मारलेल्या कुत्र्यावर भरवसा ठेवू नये. मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा उपाय निरुपयोगी आणि क्रूर आहे, ते आधीच सांगून ठेवते.

येरळाकाठ

माई, रात्रीचं भुंकणं राहिलं. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर रात्रभर. दोन ट्रॉल्या आणि वर स्पीकर.

मिरजेची_माई

आधी कोणतं भुंकणं ते ओळखा. जुना मोबाइल गोठ्यात ठेवून रात्री १० ते ५ रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी किती मिनिटं आणि कसलं ते लिहून काढा. तीन-चार भुंकारे, थांबणं, पुन्हा तीन-चार, एकाच दिशेला तोंड: ही वर्दी, हे हवंच आहे. एकाच सुरात, एकाच लयीत तासन्‌तास: ही कंटाळ्याची. उंच आवाज, मध्येच विव्हळणं, दूरच्या कुत्र्यांना साथ: एकटेपणा नाहीतर भीती.

वर्दीला उत्तर द्यायला शिका. कुत्रं भुंकलं की उठून, किमान दारात येऊन, बॅटरी मारून "बघितलं, बास" म्हणायचं आणि तुकडा टाकायचा. दिवसा याचा सराव: मुद्दाम कुणीतरी कडी वाजवायची, तिसऱ्या भुंकाऱ्यानंतर "बास", खाऊ नाकाशी, गप्प झालं की मनात दोन आकडे मोजून द्यायचा. पुढच्या आठवड्यात पाच आकडे, मग दहा. घरातून "ए गप्प!" म्हणून ओरडणं म्हणजे त्याच्या लेखी मालकही सोबतीला भुंकतोय.

कंटाळ्याचं भुंकणं रात्री सुटत नाही, ते दिवसा सुटतं. बांबू-चिंधी, हुंगायची फेरी, आणि अर्धं अन्न भांड्यात न देता गवतात फेकायचं. पंधरा-वीस मिनिटं ते नाकानं शोधत बसतं. पोत्याच्या गुंडाळीत भाकरीचे तुकडे घालून द्या. चार बाय चार फुटांचा वाळूचा खड्डा करून त्यात हाडाऐवजी उकडलेल्या रताळ्याचे तुकडे पुरा. उकरणं कुत्र्याला लागतंच, जागा दिली नाही तर ते हळदीच्या वाफ्यात उकरतं.

ट्रॅक्टरसाठी रस्त्याच्या बाजूला सहा फूट उंच शेडनेट. दिसणं थांबलं की निम्मं भुंकणं थांबतं. झोपायची जागा रस्त्यापासून लांबच्या टोकाला.

करंजवन

करंटचा पट्टा मिळतो ऑनलाइन, भुंकलं की झटका. तो कसा आहे?

पशुवैद्य_कोरेगाव

झटका बसताना समोर जे असेल त्याच्याशी कुत्रं तो जोडतं. समोर तुमचा नातू असला तर? नको.

पशुवैद्य_कोरेगाव

ऊन आणि घर यावर. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, अंग थंड होतं ते धापेनं. पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं एप्रिल-मेच्या दुपारी भट्टीत असतं. पत्र्यावर पाचटाचा वीतभर थर टाका आणि चारही बाजूंनी हवा खेळती ठेवा. पाचट छतावरच, खाली अंथरायला नको, गोचीड आणि विंचू दोन्ही मुक्कामाला येतात. अंथरायला गोणपाट, आठवड्याला उन्हात. २० किलोच्या कुत्र्याला रोज साधारण एक ते सव्वा लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात दुप्पट धरा. भांडं सिमेंटचं जड कुंडीसारखं, नाहीतर साखळी-दोरीनं लवंडतं आणि दिवसभर कुणाच्या लक्षात येत नाही.

धाप थांबत नाही, जीभ लालभडक, चिकट लाळ, झोकांड्या: उष्माघात. सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओतत राहा, पंखा लावा, आणि मग गाडी काढा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. ताप १०३ वर आला की पाणी थांबवा.

खाण्याचं थोडक्यात. नुसती भाकरी-दूध हे अपुरं आहे, रोज अंडं किंवा मांस-मासळी हवी. कालवण घालून भाकरी कुस्करायची सवय मोडा: कांदा-लसूण साठत साठत रक्तपेशी फोडतात. शिजवलेली हाडं नकोत. मक्याचं खाल्लेलं कणीस कुत्र्यापुढं टाकू नका, बुरकुंडं आतड्यात अडकतं आणि पोट फाडून काढावं लागतं.

तासगावकरांनो, बेदाणा. द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष, संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे. किती खाल्लं तर चालतं असा भरवशाचा आकडा नाही, एकाला पचतं, दुसरं मूठभरात जातं. शेडमध्ये बेदाणा वाळत असेल त्या दिवसांत कुत्रं तिकडं फिरकता कामा नये. खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता पहिल्या दोन तासांत दवाखाना, तिथं उलटी करवून सलाइन लावतात. घरी मीठ पाजून उलटी करवू नका, मिठाचीच बाधा होते. उलट्या सहसा त्याच दिवशी दिसतात, लघवी कमी होणं दोन-तीन दिवसांनी, आणि तोवर उशीर झालेला असतो.

शेपटीवाली

दिवाळी आणि गणपतीचा डॉल्बी यावर कुणी काहीच लिहिलं नाही. साखळीवरचं कुत्रं फटाक्यांना सगळ्यात जास्त भोगतं, त्याला लपता येत नाही.

त्या रात्री तार-साखळी दोन्ही बंद, कुत्रं आत. गोठ्याची आतली खोली, धान्याची खोली, चालेल ती. खिडकीला जाड गोधडी, आत पंखा चालू, बाज उलटी करून तिच्याखाली लपायला जागा. लपलेल्याला बाहेर ओढू नका. जवळ येऊन बसलं तर बसू द्या, अंगावर हात ठेवा. "लाड केले तर भीती वाढते" हे खोटं आहे, भीती लाडानं वाढत नाही.

जे कुत्रं दरवर्षी थरथरतं, दारं फाडतं, त्याच्यासाठी महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा. ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन या भीती कमी करणाऱ्या औषधांची एक चाचणी मात्रा आधी देऊन बघावी लागते, ऐन वेळी नाही. नुसतं एसिप्रोमाझिन देतात कुठं कुठं. त्यानं अंग गळून पडतं, पण कान आणि भीती जागीच असतात. आवाजाची सवय करायची तर मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका हळू की फक्त कान हलावा, सोबत खाऊ, रोज पाच मिनिटं, दोन-तीन दिवसांनी एक टप्पा वर. गणपतीनंतर सुरू केलं तर दिवाळीला थोडंफार हाती लागतं.

कृष्णाकाठ_सांगली

पुराच्या गावांनी एक ध्यानात ठेवा. कडी अशी हवी की अंधारात, एका हातानं, कुत्रं ओढत असताना उघडली पाहिजे. कुलूप नको, तारेनं पिळलेला आकडा नको, स्प्रिंगची कडी लावा. गंजली की बदला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. इशारा पातळीची बातमी आली की सखल भागातलं एकही जनावर बांधलेलं ठेवू नका. बांधलेलं कुत्रं पोहू शकत नाही. सोबत न्यायचं तर तोंडाला जाळीची मुसकी, श्वास आणि धाप घेता येईल अशी. कापडानं तोंड बांधलेलं कुत्रं बोटीत गुदमरतं.

गुंठामंत्री

कायद्यात काही आहे का याच्यावर? शेजाऱ्याला दाखवायला. आमचं आम्ही बघू.

येरळाकाठ

आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११(१). जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं बांधणं हा गुन्हा. त्याच कलमात कुत्र्यासाठी वेगळं वाक्य आहे: कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. तेवढ्यात शेजारी चहा पाजून मोकळा होईल. दाखवायचंच असेल तर फौजींचं तारेचं माप दाखवा.

रानवारा

फौजी, एक दुरुस्ती. क्लॅम्प ८ म्हणालात ते बरोबर (प्रत्येक टोकाला ३, थांब्याचे २), पण दिशा सांगितली नाही. क्लॅम्पचा खाचांचा ठोकळा ताण घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट परत वळवलेल्या मोकळ्या टोकावर. उलटा बसवला तर यू ताणाची तार चेपतो आणि ती तिथंच तुटते. वळवलेलं टोक किमान सहा इंच, आणि वळणात थिंबल (तार चेपू न देणारी लोखंडी खोबण) घाला.

फौजी_खटाव

बरोबर, राहिलंच. आणि ताण दिल्यावर चौथ्या दिवशी सगळे नट पुन्हा आवळा, नवी तार ताण घेऊन बारीक होते आणि क्लॅम्प सैल पडतात. त्यानंतर महिन्यातून एकदा. कप्पीला ग्रीस नको, धूळ धरून अडकते, थेंबभर शिलाई मशीनचं तेल पुरतं.